नको ती फाइल झिपमध्ये गेली कशी? बिल्ड स्क्रिप्ट तपासण्याची आणि दुरुस्त करण्याची पद्धत

गेल्या कापूस हंगामात सकाळी साडेआठला एका जिनिंगवाल्या शेठचा फोन आला. आदल्या रात्री त्यांना हिशेबाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाठवली होती.

"भाऊ, तुमच्या झिपमध्ये 'तपासणी' नावाचं फोल्डर आहे. त्यात शेतकऱ्यांची यादी आहे, पण आमचा एक बी माणूस नाही त्याच्यात. बँकेचे खाते नंबर सुद्धा दिसताहेत."

ती यादी दुसऱ्या एका जिनिंगची होती. चाचणीसाठी ती आमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवली होती. असा खरा डेटा तिथे ठेवणंच चूक होतं, आणि ती चूक माझी. ती सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याची, फाइल होती. पण स्क्रिप्टमध्ये 'एकही सीएसव्ही फाइल घेऊ नकोस' अशी ओळ स्पष्ट लिहिलेली होती. दोन वर्षं ती ओळ बदलली नव्हती आणि दोन वर्षं एकही सीएसव्ही बाहेर गेली नव्हती. मग त्या रात्रीच का गेली?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे माझ्यासारखे बरेच जण आहेत. दोन-तीन माणसांची टीम, जिनिंग, केळी गट, कृषी सेवा केंद्र, पतसंस्था अशी गिऱ्हाइकं, आणि शेवटी सगळं एका झिपमध्ये भरून पाठवणारी पंधरा ओळींची स्क्रिप्ट. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहायची.

फाइल बाहेर गेलीच असेल तर

स्क्रिप्टला लगेच हात लावू नका. आहे ते फोल्डर जसंच्या तसं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, पाठवलेली झिपही जपून ठेवा. घाईघाईत फाइली हलवल्या की बिघाड कशाने झाला याचा पुरावाच जातो. आमच्याकडे तो पुरावा राहिला म्हणून कारण सापडलं.

मग ज्यांना झिप गेली त्यांना फोन करा, मेसेज नको. त्यांच्या मेलमधून, व्हॉट्सॲपमधून, पेन ड्राइव्हवरून ती काढायला सांगा, आणि तुम्ही दिलेली डाउनलोडची लिंक बंद करा. ज्यांची माहिती गेली त्यांनाही सांगा. हे जड जातं, पण खाते नंबर त्यांच्या शेतकऱ्यांचे आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात चुकून उघड झालेली माहितीही भंगाच्या व्याख्येत धरली आहे, तेव्हा 'मुद्दाम नव्हतं केलं' एवढ्यावर विषय संपत नाही. झिपमध्ये पासवर्ड किंवा एपीआयची किल्ली असेल तर ती त्याच दिवशी बदला. फाइल परत मागवता येते, वाचलेला पासवर्ड परत येत नाही.

झिप उघडून यादी काढा

स्क्रिप्ट वाचायला बसण्याआधी तिने प्रत्यक्षात काय केलं ते बघा. झिपसाठी

`झिपइन्फो -१ जिनिंग.झिप`

एवढं लिहिलं की आतल्या फाइलींची नुसती नावं, ओळीला एक, अशी मिळतात. टारची (झिपसारखीच दुसरी पेटी) फाइल असेल तर `टार -टीएफ`. ही यादी सॉर्ट करून एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. सॉर्टच्या आधी `एलसी_ऑल=सी` लावायचं, नाहीतर एका मशीनवरचा क्रम दुसऱ्या मशीनवर वेगळा येतो आणि दोन याद्या जुळवताना नसते फरक दिसतात.

आता `गिट एलएस-फाइल्स` ची यादी, म्हणजे प्रोजेक्टचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये नोंद असलेल्या फाइलींची यादी, शेजारी ठेवा. झिपमध्ये आहे पण गिटमध्ये नाही, अशी प्रत्येक ओळ संशयित. त्यात तुम्ही बनवलेली प्रोग्रॅमची फाइल असणारच, ती बाजूला काढा. उरलेल्या ओळींपैकी प्रत्येकीला विचारायचं, तू इथे का? आमच्या यादीत अशा सहा ओळी निघाल्या. पाच निरुपद्रवी होत्या आणि सहावी ती शेतकऱ्यांची यादी.

ती ओळ नेमकं कोण वाचतं?

आमची ओळ अशी होती:

`झिप -आर जिनिंग.झिप . -एक्स *.सीएसव्ही *.लॉग`

वाचणाऱ्याला वाटतं की 'सगळं घे, सीएसव्ही आणि लॉग सोड' असा निरोप झिपला मिळतो. पण ही ओळ झिपच्या आधी शेल वाचतं, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, इथे बॅश. शेलला स्टार दिसला की ते चालू फोल्डरात नजर टाकतं, जुळणाऱ्या फाइलींची नावं स्टारच्या जागी भरतं, आणि मग ती भरलेली ओळ झिपच्या हातात देतं.

चालू फोल्डरात एकही सीएसव्ही नसेल तर? मग बॅश ते स्टारचं चिन्ह आहे तसंच पुढे ढकलतं. झिपला खरोखरच `*.सीएसव्ही` मिळतं, आणि झिपच्या नियमात स्टार फोल्डरच्या तिरप्या रेघेलाही ओलांडतो. त्यामुळे कुठल्याही खोल फोल्डरातली सीएसव्ही वगळली जाते. आमची दोन वर्षं अशी गेली. ओळ चुकीची होती, पण वरच्या फोल्डरात सीएसव्ही नव्हती म्हणून परिणाम बरोबर येत होता.

त्या आठवड्यात आमच्या सहकाऱ्याने गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी 'नमुना.सीएसव्ही' नावाची तीन ओळींची फाइल वरच्या फोल्डरात ठेवली. शेलला आता एक नाव सापडलं. झिपला मिळालेला निरोप झाला: 'सगळं घे, फक्त नमुना.सीएसव्ही सोड.' नमुना बाहेर राहिला आणि 'तपासणी' फोल्डरातली खरी यादी आत गेली. एक फाइल वाढवल्यामुळे दुसरीच फाइल गिऱ्हाइकाकडे गेली. सहकाऱ्याचा यात काडीचा दोष नाही.

हे नुसतं वाचून पटत नाही, हाताने करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. लिनक्सवर किंवा विंडोजच्या गिट बॅशमध्ये, जिथे झिपची आज्ञा चालते तिथे, एक रिकामं फोल्डर बनवा. त्यात 'आत' नावाचं फोल्डर आणि त्यात 'यादी.सीएसव्ही' ठेवा. वरच्यासारखी झिपची आज्ञा चालवा आणि झिपइन्फोने बघा, यादी दिसणार नाही. आता ती झिप पुसा, वरच्या फोल्डरात 'नमुना.सीएसव्ही' ठेवा आणि तीच आज्ञा पुन्हा चालवा. यादी आत आलेली दिसेल. तिसऱ्यांदा झिप पुन्हा पुसा आणि स्टारभोवती एकेरी अवतरण चिन्हं लावा:

`झिप -आर जिनिंग.झिप . -एक्स '*.सीएसव्ही' '*.लॉग'`

आता दोन्ही फाइली झिपच्या बाहेर. अवतरण चिन्हांमुळे शेल स्टारला हात लावत नाही आणि तो थेट झिपपर्यंत पोचतो.

दुसऱ्याची स्क्रिप्ट तपासताना सोपी खूण सांगतो. संशय येईल त्या ओळीच्या सुरुवातीला `इको` लिहून ती चालवा. शेल स्टार भरून झाल्यावरची ओळ पडद्यावर छापेल, म्हणजे झिपला नेमकं काय ऐकू गेलं ते दिसेल. पूर्ण स्क्रिप्टसाठी `बॅश -एक्स` तेच काम करतं.

विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे सीएमडीमध्ये, शेल स्टार भरतच नाही, ते काम प्रोग्रॅमवर सोडलेलं असतं. म्हणून तीच ओळ तुमच्या विंडोजवर बरोबर चालते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर फसते. मॅकच्या टर्मिनलमध्ये २०१९ पासून झेडएसएच हे शेल येतं. तिथे जुळणारी फाइल सापडली नाही की आज्ञा तिथेच थांबते. मला ती सवय जास्त आवडते, चूक पहिल्याच दिवशी समोर येते.

बाकीची नेहमीची कारणं

तुमचं कारण वेगळं असू शकतं. मी स्वतः पाहिलेली सांगतो.

जुनी झिप. त्याच नावाची झिप आधीपासून असेल तर झिपची आज्ञा नवी पेटी बनवत नाही, जुनीतच भर घालते. प्रोजेक्टमधून तुम्ही महिन्यापूर्वी पुसलेली फाइल झिपमध्ये तशीच बसलेली असते. 'फाइल डिस्कवर नाहीच, मग झिपमध्ये आली कुठून' असं कोणी म्हणालं की मी आधी हेच तपासतो. झिप बनवण्याआधी जुनी पुसण्याची ओळ स्क्रिप्टमध्ये घालायची, बस.

टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली. `झिप -आर जिनिंग.झिप *` असं लिहिलं तर वरच्या पातळीवरच्या लपलेल्या फाइली येत नाहीत, कारण स्टार त्यांना धरत नाही. स्टारच्या जागी नुसतं टिंब लिहिलं की सगळ्या येतात: डॉट ईएनव्ही, ज्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो, आणि अख्खं डॉट गिट फोल्डर, ज्यात प्रोजेक्टचा जन्मापासूनचा इतिहास असतो. एका चिन्हाचा फरक आहे.

दोन स्टार. `एसआरसी/**/*.जेएस` लिहिलं की सगळ्या खोल फोल्डरांमधलं येईल असं वाटतं. बॅशमध्ये ही सोय २००९ च्या ४.० आवृत्तीत आली आणि आजही ती आपोआप चालू नसते, `ग्लोबस्टार` नावाचा पर्याय चालू करावा लागतो. तो बंद असेल तर दोन स्टार म्हणजे एकच स्टार, फक्त एका पातळीवरचं फोल्डर. मॅकसोबत तर अजून ३.२ आवृत्तीच येते. इथे फाइली जास्त येत नाहीत, कमी येतात, आणि ते गिऱ्हाइकाकडे प्रोग्रॅम उघडेनासा झाल्यावर कळतं.

शॉर्टकट म्हणून बनवलेल्या सिमलिंक. झिप त्यांच्या मागे जाऊन मूळ फाइलच आत भरते. टार तसं करत नाही, ते फक्त दुवा ठेवतं. 'डेटा' ही सिमलिंक पार्टीच्या फोल्डरकडे असेल तर झिपमध्ये ती पार्टी येते. `-वाय` पर्याय दिला की झिपही नुसता दुवा ठेवते.

विंडोजवाल्यांसाठी एक खास. बॅच फाइलमध्ये `*.एक्सएलएस` लिहून जुन्या एक्सेल फाइली कॉपी करायला सांगितल्या, तर बऱ्याच मशीनवर `.एक्सएलएसएक्स` फाइलीही येतात. कारण विंडोज प्रत्येक लांब नावाशेजारी जुन्या डॉसच्या काळचं आठ अधिक तीन अक्षरांचं छोटं नाव सांभाळत असतं आणि स्टार त्या छोट्या नावाशीही जुळवून बघतो. छोट्या नावात 'एक्सएलएसएक्स' चं 'एक्सएलएस' होतं. पुसण्याच्या आज्ञेलाही हेच लागू आहे, तेव्हा जपून.

मराठी नावाच्या फाइली

यावर मराठीत फारसं लिहिलेलं दिसत नाही, म्हणून जरा थांबतो.

आपल्याकडचे मुनीम, ग्रामसेवक, गटाचे सचिव फाइलींना मराठीत नावं देतात आणि द्यावीतच. 'शेतकऱ्यांची_यादी' हे नाव घ्या. त्यातला 'ऱ्य' टाइप करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर येतं, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ०९३१. इनस्क्रिप्टमध्ये ते शिफ्ट आणि 'र' च्या कळीवर आहे. दुसऱ्या रीतीत साधा 'र', मग हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह (क्रमांक २००डी) आणि मग 'य'. अनेक फोनेटिक कीबोर्ड हे दुसरं करतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला ती दोन वेगळी नावं आहेत. तुम्ही स्क्रिप्टमध्ये पहिल्या रीतीने नाव लिहून ती फाइल वगळली आणि मुनीमजींनी दुसऱ्या रीतीने टाइप केलेली फाइल पाठवली, तर नाव जुळणार नाही आणि फाइल आत जाईल.

तिसरं रूपही आहे: साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. युनिकोडच्या सामान्यीकरणात हे रूप आणि पहिलं रूप एकच ठरतं, पण जोडचिन्हाचं रूप सामान्यीकरण केलं तरी वेगळंच राहतं. त्यामुळे 'नावं नॉर्मलाइझ करून घेतो' हा उपाय अर्धाच आहे. संशय आला तर नाव `एक्सएक्सडी` मधून काढून त्याचे बाइट बघा, डोळ्यांवर विसंबू नका.

दुसरी अडचण गिटची. `गिट एलएस-फाइल्स` देवनागरी नावं सरळ दाखवत नाही. 'केळी.टीएक्सटी' च्या जागी अवतरण चिन्हांत \३४०\२४४\२२५ असे आकडे सुरू होतात. ते 'क' चे तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत. ही यादी जशीच्या तशी दुसऱ्या आज्ञेला दिली की 'अशी फाइल नाही' असं उत्तर येतं आणि फाइल गळते. गिटच्या सेटिंगमध्ये `कोअर.कोटपाथ` ला `फॉल्स` करा, म्हणजे मराठी नावं मराठीत दिसतील. स्क्रिप्टमध्ये वापरायची असेल तर `-झेड` पर्याय त्याहून खात्रीचा.

मी शेवटी एक नियम केला. गिऱ्हाइकाकडून आलेली कुठलीही फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात येतच नाही. तिच्यासाठी प्रोजेक्टच्या बाहेर वेगळं फोल्डर आहे. नाव मराठी असो की इंग्रजी, प्रश्नच उरत नाही.

गिटइग्नोरवर भिस्त ठेवू नका

'डॉट गिटइग्नोर मध्ये लिहिलंय ना' हे वाक्य मी फार ऐकतो. ती फाइल फक्त गिटला कोणत्या फाइली सोडायच्या ते सांगते. झिप ती वाचत नाही, टार आपणहून वाचत नाही, डॉकरही वाचत नाही. आणि एखादी फाइल आधीच गिटमध्ये गेली असेल तर नंतर तिचं नाव तिथे लिहून काही होत नाही, `गिट आरएम` ला `--कॅश्ड` लावून ती आधी काढावी लागते.

डॉकरची (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या सामानासह एका 'इमेज'मध्ये बांधणारं साधन) स्वतःची डॉट डॉकरइग्नोर फाइल असते आणि तिचे नियम वेगळे आहेत. गिटइग्नोरमधली `*.सीएसव्ही` सगळ्या फोल्डरांना लागू होते. डॉकरइग्नोरमधली तीच ओळ फक्त वरच्या पातळीला, खोलातल्यांसाठी `**/*.सीएसव्ही` लिहावं लागतं. एकातून दुसरीत ओळी चिकटवणाऱ्यांचा इथेच घात होतो. शिवाय आधी कॉपी करून पुढच्या पायरीत फाइल पुसली तरी इमेजच्या खालच्या थरात ती शिल्लक असते.

एनपीएमवाल्यांनी, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं पाठवणाऱ्यांनी, एवढं लक्षात ठेवावं: फोल्डरात डॉट एनपीएमइग्नोर आली की तिथली गिटइग्नोर बघितलीच जात नाही. `एनपीएम पॅक` ला `--ड्राय-रन` लावलं की काय जाणार ते आधीच छापून मिळतं.

दुरुस्ती: काय घ्यायचं तेवढंच लिहा

अवतरण चिन्हं लावून आमची चूक सुटली असती. पण मी तिथे थांबलो नाही, कारण 'हे हे सोड' अशी यादी कधीच पूर्ण होत नाही. उद्या कोणी एक्सेल फाइल ठेवेल, परवा कोणी डेटाबेसचा बॅकअप. म्हणून स्क्रिप्ट उलटी केली.

आता ती आधी `एमकेटेम्प -डी` ने एक नवं कोरं फोल्डर बनवते. त्यात प्रोग्रॅमची फाइल, 'मदत' फोल्डर, छपाईचे नमुने आणि परवान्याची फाइल अशा गोष्टी नावानिशी कॉपी करते, कुठेही स्टार नाही. मग त्या कोऱ्या फोल्डरात जाऊन झिप बनवते. तिथे नकोसं काही नसतंच, म्हणून वगळण्याची ओळही नाही. ज्यांना फक्त सोर्स पाठवायचा आहे त्यांना याहून सोपं आहे: `गिट आर्काइव्ह`. ते कमिट झालेल्या, म्हणजे गिटमध्ये पक्क्या नोंदवलेल्या, फाइलीच घेतं, शेजारी पडलेलं काही उचलत नाही.

पण नावानिशी कॉपी केलेल्या 'मदत' फोल्डरातच कोणी काही ठेवलं तर? शेठशी त्या दिवशी प्रत्यक्ष बोलायला गेलो तेव्हा त्यांनी मला प्रेसपाशी नेलं. ढिगातून बायका प्लास्टिक गोणीचे धागे हाताने वेचत होत्या. "गाठ दाबली का हा धागा दिसत नाही भाऊ," ते म्हणाले, "मग तो सूतगिरणीत दिसतो, अन् तिथून आम्हाले फोन येतो." एकशे सत्तर किलोच्या गाठीत एक निळा धागा. आम्हाला तशीच वेचणी हवी होती, गाठ पाठवण्याआधी.

ती अशी केली. 'पाठवणी-यादी.टीएक्सटी' नावाची फाइल गिटमध्ये ठेवली. तीत झिपमध्ये असायला हव्यात त्या सगळ्या फाइलींची नावं, ओळीला एक. पहिल्यांदा ही यादी स्क्रिप्टकडून काढून घेतली, पण मी आणि सहकाऱ्याने शेजारी बसून एकेक ओळ वाचून मंजूर केली. त्रेचाळीस ओळी होत्या, वीस मिनिटं लागली. स्क्रिप्टचा शेवट आता असा आहे:

`सेट -ई -ओ पाइपफेल`
`झिपइन्फो -१ तात्पुरती.झिप | एलसी_ऑल=सी सॉर्ट > आत्ताची.टीएक्सटी`
`डिफ पाठवणी-यादी.टीएक्सटी आत्ताची.टीएक्सटी`
`एमव्ही तात्पुरती.झिप जिनिंग.झिप`

दोन याद्या जुळल्या तर डिफ शून्य परत करतं आणि पुढची ओळ चालते. एकही नाव कमी-जास्त असेल तर एक परत करतं, `सेट -ई` मुळे स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि 'जिनिंग.झिप' या नावाची फाइल तयारच होत नाही. पाठवायला काही हातात नसतं, म्हणून घाईत चुकीची पाठवताही येत नाही. `पाइपफेल` विसरू नका. ते नसेल तर उभ्या रेघेने जोडलेल्या आज्ञांपैकी फक्त शेवटचीच चूक धरली जाते आणि झिपइन्फो फसलं तरी कळत नाही. याच कारणासाठी डिफ एकट्या ओळीत ठेवलं आहे. आवृत्तीचा क्रमांक आतल्या फाइलींच्या नावात घालू नका, नाहीतर दर वेळी यादी बदलावी लागते आणि न वाचता मंजूर करायची सवय लागते.

बिल्ड करण्यासाठी रोजचं कामाचं फोल्डरही वापरू नका. दुसरीकडे गिटमधून नवीन क्लोन, म्हणजे कोरी प्रत, घ्या आणि तिथे स्क्रिप्ट चालवा. रोजच्या फोल्डरात काय काय साचलंय ते बघायचं असेल तर `गिट क्लीन -एनडीएक्स` चालवा, `एक्स` लहान लिपीतला. `एन` असल्यामुळे ते काही पुसत नाही, फक्त यादी दाखवतं. माझ्याकडे पहिल्यांदा चालवलं तेव्हा दोन जुन्या पार्ट्यांचे बॅकअप निघाले. ते त्याच संध्याकाळी त्यांच्या जागी हलवले.

गेल्या महिन्यात स्क्रिप्ट एकदा थांबली. डिफने एक ओळ दाखवली, 'मदत' फोल्डरात 'कट्टी-हिशेब.पीडीएफ'. सहकाऱ्याला विचारलं, तर ते केळी गटासाठी नवीन मदतपत्रक होतं, मुद्दाम ठेवलेलं. आम्ही दोघांनी ते उघडून वाचलं, आत कोणाचं नाव किंवा नंबर नाही ना ते पाहिलं, पाठवणी-यादीत चव्वेचाळिसावी ओळ घातली, कमिट केली आणि झिप रावेरला रवाना केली.